पळायचं न शिकलेली चितळं

पंडरी, रायपूर
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय धर्मपाल मामाजी,
सप्रेम जय भीम.

तुमच्या कानांना फोन ऐकू येईनासा झाला आणि आपलं बोलणंच बंद पडलं. आई म्हणाली, पत्र लिही, त्याला वाचायला आवडतं. मी हिंदी शाळेत शिकलेली, म्हणून ती बाजूला बसून शब्द सांगते आहे. मास्तरीणबाईंची सवय अजून गेली नाही. चांगलं मराठी दिसेल ते तिचं.

तिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. मी सुकम्याच्या जनावरांच्या दवाखान्यात होते तेव्हा रात्रभर बसने येऊन तिला न्यायची आणि परत जायची. बाबा गेल्यावर दुसरं होतं कोण? आता माझी बदली अभनपुरकडे झाली आहे. स्कूटीने पाऊण तास. ही बदली रणजित भैयांच्या शब्दाने झाली. ते इथले मोठे बिल्डर आहेत. अभनपुरच्या पुढे त्यांचा फार्म आहे आणि तिथे चक्क चितळं आहेत, त्रेचाळीस! त्यांच्या वडिलांनी सात पाळली होती, जुना परवाना आहे म्हणतात, त्यांचीच ही पिलावळ. मी दर पंधरा दिवसांनी तपासायला जाते.

कॉलेजात शिकलो होतो की जंगलातल्या चितळाला हात लावला तर ते भीतीनेच मरतं. इथली माझ्या खिशात तोंड घालतात. नोकर लोखंडी बादली वाजवतो आणि सगळी फाटकाशी येतात. खाणं दाण्याचं, फिरायला मऊ माती, म्हणून त्यांचे खूर फार वाढले आहेत. तुम्ही तीस वर्षं वनरक्षक होता, तुम्हाला यावर काही माहीत आहे का? गेल्या रविवारी एक चितळ कुत्र्यांनी मारलं, त्याच्या आधीच्या रविवारी एक. एकाला खांद्यावर, एकाला मानेवर जखम होती. मी मृत्यूचा कागद करून दिला. वाईट वाटलं.

आई म्हणते, धर्मपालला सांग, मी बरी आहे.

तुमची,
नीलिमा


नवेगावबांध
१९ नोव्हेंबर २०२४

चि. नीलूस,
जय भीम आन आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं हातात देल्लं तं मी दारातच उभ्यानं वाचलं. कलावतीले सांग, शुद्धलेखन एक नंबर. मले मात्र जसं बोलतो तसंच लिहिता येते.

खुराचं विचारलं. जंगलात चितळाचा खूर दगडानं घासते, पळता पळता घासते. त्याच्यावर औषध नाई. पळणंच औषध.

मी चितळाच्या बाबतीत लई कडक होतो. कोणाले सोडलं नाई. १९९४ मंधी नरहरी नावाच्या माणसाले पकडलं होतं, चितळाच्या मांसासंगं, घरातून. त्याले तीन वर्षं सजा झाली आन मले सर्टिफिकेट भेटलं. ते अजून भिंतीवर आहे. नोकरीत मी एवढंच कमावलं असं समज.

आता एक गोष्ट. राग मानू नको. कुत्रं चितळाले मागून धरते. पुठ्ठ्याले, पोटाले. खांद्याले नाई धरत. मी अशे पन्नासेक मढे पाह्यले असतीन. तुह्या फार्मले कुंपण किती फुटाचं आहे? कुत्रे आत आले कुठून? आन दोन्ही टाइम रविवारीच काहून? कुत्र्याले वार कसा समजते?

लिहिजो.

तुहा मामा,
धर्मपाल


रायपूर
२ डिसेंबर २०२४

आदरणीय मामाजी,
जय भीम.

कुंपण जुनं आहे. खालून उकरून कुत्रे येतात. मी डॉक्टर आहे, जखम बघूनच कागद दिला. तुम्ही निवृत्त झालात पण संशय घ्यायची सवय गेली नाही, असं आई हसत म्हणते.

तिच्या रक्तातलं क्रिएटिनिन थोडं कमी आलं आहे. इथे थंडी सुरू झाली.

नीलिमा


रायपूर
२४ डिसेंबर २०२४

मामाजी,
जय भीम.

हे पत्र आईले न सांगता लिहून राहिली आहे. ती आत झोपली आहे. शब्द सांगायले कोणी नाही, तेव्हा घरी बोलतो तसंच लिहिते.

तुम्ही बरोबर होते. त्या जखमा गोळीच्या होत्या. मले तेव्हाच दिसल्या होत्या. रणजित भैयांचा मुनीम बाजूला उभा होता, त्यानं 'कुत्ते' म्हटलं आन मी तेच लिहिलं.

परवा रविवारी दुपारी मले फोन आला, जल्दी या. गेली तर लॉनवर खुर्च्या मांडलेल्या. चार पाहुणे. नोकरानं बादली वाजवली होती, चितळं आली होती, आन एका पाहुण्यानं खुर्चीत बसल्या बसल्या बंदूक चालवली होती. नेम धड लागला नव्हता. मादी होती. कानात सतरा नंबरचा बिल्ला. ती पडली होती आन बाकीची पळाली नव्हती, मामाजी. वीस पावलांवर उभी राहून बादलीकडे पाहत होती. एक तर पाहुण्याच्या बुटापाशी सांडलेले दाणे खाऊन राहिलं होतं.

मी सतरा नंबरले इंजेक्शन देल्लं. तिनं माझा हात चाटला. मंग मी बॅगेतून कागद काढला आन लिहिलं, कुत्र्यांचा हल्ला. हा तिसरा कागद.

रणजित भैया गाडीपर्यंत सोडायले आले. मी म्हटलं, "भैया, ये ठीक नहीं है."

ते हसले नाहीत. समजावल्यासारखं बोलले, "डॉक्टर दीदी, जंगल का एक भी जानवर मैंने आज तक नहीं मारा. ये मेरे पाले हुए हैं, मेरा दाना खाते हैं. आप मुर्गी नहीं खातीं? बकरा नहीं खातीं?"

मी खाते.

मंग म्हणाले, "माताजी का इलाज ठीक चल रहा है ना?"

एवढंच. पण मले समजलं.

दोन दिवसांपासून त्यांचाच सवाल डोक्यात आहे. तुम्हीच सांगा. त्यांच्या फार्मवर जन्मलेलं, दाण्यावर वाढलेलं जनावर. त्याच्या मरण्यानं जंगलातलं एकही कमी होत नाही. मंग बोकडात आन त्याच्यात फरक काय? मले फरक आहे हे माहीत आहे. पण सांगता येत नाही.

नीलिमा


नवेगावबांध
८ जानेवारी २०२५

चि. नीलू,

तुह्या पत्राचं उत्तर द्यायले मले दोन आठवडे लागले. तीन टाइम लिहिलं, फाडलं.

नरहरीचं मी तुले अर्धंच सांगतलं होतं. त्याले पकडलं तेव्हा तो पळाला नाई. मांस पानात बांधून ठेवलं होतं, बायको शारदा चुलीपाशी बसली होती, लेकरं भुकेजली होती. मी विचारलं, कसं मारलं रे? तो म्हणे, "साहेब, दोन दिवस त्याच्या मागं होतो. त्यानं मले लई चकवलं. एकदा तं माह्या समोरून गेलं आन मले दिसलंच नाई." सांगता सांगता त्याच्या तोंडावर त्या चितळाचं कौतुक होतं. मी त्याले बेड्या घातल्या. तो जेलात दुसऱ्या वर्षी कावीळ होऊन गेला. हे मी कोणाले सांगत नाई.

आता दुसरं. नरहरीले पकडलं त्याच हिवाळ्यात आमच्या रेस्टहाउसवर एक पाडस होतं. त्याची माय वाघानं नेली होती. मी त्याले बाटलीनं दूध पाजलं, मोठं केलं. पोळी खायचं माह्या हातची. एका दुपारी वरच्या साहेबाचे पाहुणे आले. त्यातल्या एकानं व्हरांड्यातून त्याले गोळी घातली. सगळे हसत होते. साहेब मले म्हणे, "धर्मपाल, गाडीत टाक." मी त्याचे पाय धरले आन जीपमंधी टाकलं. गरम होतं. मी सॅल्यूट मारला, नीलू. नरहरीले बेड्या, आन त्याइले सॅल्यूट.

तू फरक विचारला. मले शिकलेल्या माणसासारखं सांगता येत नाई. बोकड आपण खायसाठी मारतो, आन त्याले मारून कोणी स्वतःले शिकारी म्हणवत नाई. नरहरीच्या चितळाजवळ त्याचे कान होते, नाक होतं, पाय होते, अख्खं जंगल होतं. ते वाचलं असतं. नरहरी उपाशी राह्यला असता. माह्या पाडसाजवळ काहीच नव्हतं, कारण ते सगळं मी काढून घेतलं होतं. मारणाऱ्यानं गोळी घातली, पण त्याची भीती आधी मी मारली होती. तुह्या रणजितनं तं त्रेचाळिसाची मारली, आन वरून शिकारीचा डौल.

आता तू म्हणशीन, मंग मामा, मी तक्रार करू काय?

करू नको. हे मी लिहून राहिलो याची मले लाज वाटते. पण कलावतीचं डायलिसिस आहे. तुले परत सुकम्याले फेकतीन. चितळं तशीबी मरतीन. तू चूप राय.

धर्मपाल


रायपूर
८ फेब्रुवारी २०२५

मामाजी,
जय भीम.

मी चूप राहिली नाही. तीन तारखेले वनविभागाच्या ऑफिसात नावानिशी तक्रार देल्ली. साहेबांनी वाचली, चहा पाजला, शुक्रवारी सात तारखेले तपासणीले जाऊ म्हणाले.

बुधवारीच फार्मचं मागचं फाटक उघडलं गेलं. त्याच्या आधी एकेका चितळाच्या कानातला बिल्ला ओढून काढला. एकेचाळीस चितळं शेतात हाकलली. शुक्रवारी तपासणीवाले गेले तेव्हा लॉन धुतलेलं होतं आन खुर्च्या आत ठेवल्या होत्या.

चितळं कुठं जाणार? जंगल तिथून लई दूर. ती रस्त्यावर आली. गाड्यांचा हॉर्न वाजला तरी हलेनात. चार तिथंच मेली. काही गावात शिरली. एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एक बाई म्हशीसाठी बादली भरून राहिली होती, तिचा आवाज ऐकून सहा चितळं तिच्या अंगणात येऊन उभी. आधी लोकांनी हात जोडले, मोबाइलवर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी एक कमी झालं.

आज सकाळी वनविभागानं रामकृष्ण नावाच्या माणसाले पकडलं. भट्टीवर विटा वाहतो. त्यानं लाठीनं मारलं, मांस चार घरी वाटलं. अर्धं धड जप्त झालं, आन माझ्याच भागात आहे म्हणून पोस्टमॉर्टेम मलेच करायचं आहे, उद्या सकाळी.

मी त्याले पाहिलं. हाताले दोरी बांधून जीपजवळ बसवलं होतं. मले पाहून म्हणाला, "ओ तो खुदे रेंगत आइस, दीदी. मोर तीर मा आके ठाढ़े होगे." स्वतःच चालत आलं, माझ्याजवळ येऊन उभं राहिलं. हे तो परत परत सांगत होता, जसं काही त्यालेच पटत नव्हतं.

साहेब म्हणतात, "मॅडम, सीधा लिखिए. जंगली चीतल, लाठी से मृत्यु. फार्म-वार्म बीच में मत लाइए." जंगली लिहिलं की रणजित भैया सुटले. ते जंगली नाही हे सांगायचं तर मले ते कसं माहीत हे सांगावं लागते.

मामाजी, हे तुमच्यापर्यंत पोहोचेल तोवर माझं लिहून झालेलं असेल. तरी तुम्हाले सांगावंसं वाटलं.

नीलिमा


नवेगावबांध
१६ फेब्रुवारी २०२५

नीलू,

पत्र काल भेटलं. उशीर झाला हे मले समजते.

मी सकाळच्या गाडीनं शारदाच्या गावाले गेलो. एकतीस वर्षांनी. तिनं मले ओळखलं. पाणी देल्लं. बस म्हटलं नाई.

म्हणे, "साहेब, आता काहून आले?"

मी म्हटलं, "माफी मांगाले." ती म्हणे, "त्यानं काय होते?" आन झाडू घेऊन अंगण झाडत राह्यली. मी निघालो.

मी तुले चूप राय म्हटलं होतं. ते शब्द मी परत घेतो. तू काय लिहिलं ते मले माहीत नाई. जे लिहिलं असशीन, त्याच्यानंतर कलावतीले दवाखान्यात न्यायले माणूस लागन. मी येऊन राहिलो. नाई म्हणू नको.

धर्मपाल


रायपूर
२ मार्च २०२५

मामाजी,
जय भीम.

हे पत्र आईच्या समोर बसून लिहिते आहे. तिला सगळं सांगितलं.

मी रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं. पोटात कारखान्याचा दाणा. खूर इतके वाढलेले की जंगलात ते दोन दिवस चाललं नसतं. कान ताजा फाटलेला. आणि डाव्या खांद्यात, मांस भरून आलेल्या जुन्या जखमेत, एक छर्रा. म्हणजे याच्यावर आधी कधीतरी गोळी चालली होती, ते वाचलं होतं, आणि तरी माणूस दिसला की जवळ येत होतं.

शेवटी लिहिलं की हे फार्मवरचं जनावर आहे, मी स्वतः त्याला तपासत होते आणि तिथल्या चितळांचे चार खोटे मृत्युदाखले मी दिले आहेत. तक्रारीत ही गोष्ट मी लपवली होती. तुमच्यापासून तर चौथा कागदच लपवला. तो मी जानेवारीत दिला, तुमचं 'चूप राय' वाचल्यावर. तुमच्या शब्दाआड लपणं सोपं गेलं. दोष तुम्हाला देत नाही.

आता पुढचं. मी निलंबित आहे. निलंबनात हजेरी सुकम्याला लावायची आहे, परवा निघते. माझ्यावर गुन्हा नोंदवायचं चाललं आहे. रणजित भैयांचे वकील म्हणतात, चार खोटे कागद देणाऱ्या बाईचा पाचवा कागद खरा कसा? त्यांना अटक झालेली नाही. रामकृष्ण जेलमध्ये आहे. मला वाटलं होतं, पाळलेलं जनावर म्हटल्यावर तो सुटेल. त्याचे वकील म्हणाले, कायद्यात चितळ ते चितळच, कुणी का पाळलेलं असेना. म्हणजे माझ्या खरं लिहिण्याने ज्याला धरायचं तो बाहेरच राहिला आणि आत होता तो आतच आहे.

आई म्हणाली, "मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." मग म्हणाली, "धर्मपालला कळव, येताना लोकरीचं पांघरूण आण म्हणावं, इथे एकच आहे."

या.

नीलिमा


पंडरी, रायपूर
६ एप्रिल २०२५

चि. नीलू,
जय भीम.

तू तिकडं आन मी तुह्या घरी, असं होईन असं वाटलं नव्हतं. कलावतीले मंगळवार-शुक्रवार ऑटोनं नेतो. मशीनवर चार तास ती पडून राह्यते, मी बाजूच्या स्टुलावर. मले नीट ऐकू येत नाई, तिले बोलाचा जीव होत नाई. आमचं चांगलं जमते. शुक्रवारी तिले लई उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणे आता आठवड्यातून तीन टाइम करा. तुले खोटं सांगणार नाई.

काल मी अभनपुरच्या बसनं रामकृष्णच्या गावाले गेलो. त्याच्या जामिनाचं वकिलानं काय सांगतलं ते त्याच्या बायकोले सांगायचं होतं. चेतना तिचं नाव. जामीन नाकारला गेला. मी कागदावर लिहून नेलं होतं, तिनं वाचलं, घडी करून पदराले बांधलं. तू कोण, मी कोणाचा मामा, तेबी सांगतलं. वाटलं होतं हाकलून लावन. तिनं बस म्हटलं.

गावाच्या कडेले अजून एक चितळ आहे. मादी. बाकीची मेली, अकरा वनविभागानं धरून नेली, काहींचं कोणाले माहीत नाई. ही एकच राह्यली. दर सकाळी पाऱ्यातल्या पहिल्या घरापाशी येऊन उभी राह्यते. लोक घाबरतात तिले. आपल्या दारात मेली तं आपला माणूस जाईन आत, असं म्हणतात. म्हणून त्याइनं एक काम धरलं आहे. दोघं-तिघं मिळून तिले दगड मारतात, जीव घ्यायसाठी नाई, पळून जाव म्हणून. माणसाचं भेव शिकाव म्हणून.

मी पाह्यलं. दगड बाजूले पडला की ती त्याले हुंगाले जाते. दाणा समजते.

चेतनानं मले इशाऱ्यानं विचारलं, तुम्ही जंगलातले माणूस, कसं हाकलाचं सांगा. मी तीस वर्षं नोकरी केली, नीलू, चितळाले कोणी हात लावू नये म्हणून. मी खाली वाकलो, दगड उचलला. चांगला मुठीएवढा. आन नेम धरून मारला. पुठ्ठ्यावर बसला. ती उडाली, दहा-बारा पावलं पळाली. मले आनंद झाला, खरं सांगतो. मी ओरडलो, "जा! जा, माय!" माह्या तोंडून किती जोरात निंगालं कोण जाणे, चेतना दचकली.

ती बांधापाशी थांबली. मान वळवली. मले पाहत राह्यली. मंग हळूहळू, लंगडत, माह्याकडं येऊ लागली.

मी दुसरा दगड उचलला.

तुहा मामा,
धर्मपाल